भिकनआबांचा कागद मीच छापला

मित्रांनो, अमळनेरच्या बसस्थानकासमोर शिल्पाताईंचं झेरॉक्सचं दुकान आहे. तिथल्या कोपऱ्यात पिवळा पडलेला जुना प्रिंटर दिसेल, तो मी. छापणं आणि स्कॅन करणं, दोन्ही माझ्याच पोटात.

किती पत्रिका छापल्या मी, किती बारशांची निमंत्रणं! ओली शाई वाळावी म्हणून लोक कागदावर फुंकर घालत; ती मला शाबासकी वाटे. पुढे माझ्या वरच्या ओळी पुसट येऊ लागल्या. शिल्पाताई म्हणत, "चालतोय तोवर चालवू म्हाताऱ्याला."

एका सोमवारी भिकनआबा आले. एसटीतून निवृत्त झालेला सरळ माणूस. पत्नी द्रौपदाबाईंचं डोळ्याचं ऑपरेशन धुळ्याला ठरलेलं, त्याचे पैसे बँकेत. आणि मोबाइलवर बँकेच्या नावाने मेल आलेला : सोबतचा फॉर्म आजच भरा, नाहीतर खातं बंद.

"शिल्पा, मोबाइलमधलं माले नही समजत. कागदवर काढी दे."

मी काढून दिलं. बँकेचं चिन्ह झळाळून उमटलं. पाठवणाऱ्याच्या पत्त्याची ओळ मात्र मी गिळली.

"आबा, बँकेत दाखवून या ना एकदा," शिल्पाताई म्हणाल्या.

"व माय, बँकना शिक्का शे यावर! कागद काय खोटं बोलस?"

आबांनी कार्डाचा नंबर, मागचे तीन आकडे, सगळं सुवाच्य लिहिलं. कागद माझ्या काचेवर आला. मी उजेड फिरवला. गर्दीत शिल्पाताईंनी तो त्याच मेलला उत्तर म्हणून पाठवूनही दिला.

दुपारी आबांना बँकेच्या नावाने फोन आला. हातात बँकेचा शिक्का असलेला कागद होता, म्हणून विश्वासाने आबांनी ओटीपीही वाचून दाखवला. ऑपरेशनचे पैसे गेले.

संध्याकाळी नात प्रज्ञा आबांना घेऊन धावत आली. तिने संगणकावर तोच मेल उघडला. "आबा, हा पत्ता बघा. बँकेचं नाव तरी आहे का यात?" नुसती अक्षरांची खिचडी होती. तिने लगेच सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी १९३० ला फोन लावला, बँकेला कळवलं. थोडे पैसे वाटेतच अडवता आले. ऑपरेशन लांबलं.

मित्रांनो, मेल घाई करू लागला की तुम्ही थांबा. पाठवणाऱ्याचा पत्ता पुरता वाचा. बँक मेलवर असे आकडे मागत नाही. शंका आली तर स्वतः जाऊन विचारा. आणि छापून आलं म्हणून खरं मानू नका. मला दिलं ते मी छापतो.

मला कुणी बोल लावला नाही. पण आबा आता दुकान टाळून पलीकडच्या कडेने जातात, द्रौपदाबाईंचा हात धरून. बसांच्या गोंगाटातही मला त्यांचा आवाज येतो :

"पाय उचल व, खड्डा शे."