चारही पाय जमिनीवर

धुळ्यातल्या वरातीत रमजानची मोरनी नाचली नाही, तर लोकांना वरात अळणी वाटायची. ताशा कडाडला की ती घोडी रस्त्यात मांडलेल्या बाजेवर चढायची आणि पुढचे पाय उचलून मागच्या पायांवर गिरकी घ्यायची. शिंगरू होती तेव्हापासून रमजाननं तिला हे शिकवलं होतं. पाय उचलले की गुळाचा खडा. पुढे पुढे तर नुसता रमजान दिसला, तरी तिचे पाय उचलायचे.

एका वरातीत गिरकी घेताना तिचा मागचा पाय बाजेच्या सुतळीत अडकला आणि पिरगळला. सकाळी ती लंगडत होती. नालेचा खिळा रुतला असेल, म्हणून रमजाननं नाल बदलून घेतली. थोडं चालून अंग तापलं की लंगडणं कमी व्हायचं. त्याला वाटलं, बरी झाली. त्यानं तिला पुन्हा नाचवलं. त्या दिवसानंतर ती तो पाय टेकवेना.

जनावरांचे डॉक्टर हितेंद्र यांनी तिचा गुडघा चाचपला.

"रमजानभाई, दुखणं खुरात नव्हतंच. हाडाला हाड धरून ठेवणारे बंध असतात, तुमच्या बाजेच्या सुतळीसारखे. गुडघ्यातला एक तुटत आलाय. आराम मिळाला तर चालेल. नाचली, तर उभीसुद्धा राहणार नाही."

"आता नाचवतोय कोण, साहेब!"

पण लग्नसराई होती. गल्लीतून वरात गेली आणि बांधलेली मोरनी दुखऱ्या पायावर भार टाकून पुढचे पाय उचलू लागली. रमजान तिच्या मानेला लोंबकळला. "बस कर बेटी, बस!" शिकवलेलं विसरायला कसं लावायचं, हे त्याला येत नव्हतं.

मग त्यानं तिला पिंपळनेरला, लोटननानांच्या मळ्यात नेऊन ठेवलं. "आठे बँड नही, काही नही," नाना म्हणाले. "निवांत ऱ्हाई ती."

पावसाळा सरल्यावर तो खिशात गूळ घेऊन भेटायला गेला. मोरनी चरत होती, जवळजवळ सरळ चालत होती. त्याला पाहताच तिनं कान टवकारले आणि पुढचे पाय उचलले. रमजान झटकन मळ्याच्या काटेरी कुपाटीमागे बसला.

"कारे भाऊ, इतला दूरथीन उना नि कुपाटीमांगे काय बठना?"

"मी दिसलो की ती नाचते, नाना." त्यानं गूळ नानांच्या हातावर ठेवला. "तुम्हीच द्या. पण चारही पाय जमिनीवर असतील, तेव्हाच."

नाना गेले. कुपाटीपलीकडून मोरनीनं गूळ चावल्याचा कुडुमकुडुम आवाज आला. तो थांबेपर्यंत रमजान खाली मान घालून बसून राहिला.