पावतीच्या मागची बाजू

“वनमाला, एकही पावती फेकजो नको. डब्यात राहू दे साऱ्या.”

ह्यांचं शेवटच्या दिवसांतलं सांगणं. सारी नोकरी रेल्वेच्या बुकिंग खिडकीवर. कागद टाकणं ह्यांना पाप वाटे. रायपूरबाहेरच्या त्या वैद्याकडे ह्यांना मीच नेलं होतं. कर्करोग मुळासकट काढतो म्हणायचा, औषधाला दान म्हणायचा आणि पावती फाडायचा. अकरा बाटल्या झाल्या नि हे गेले. मागाहून कळलं, बाटलीत गुळाचं पाणी होतं.

वैद्य तुरुंगात आहे. आता कोर्टाने त्याचा बंगला विकायला लावलाय. नव्या कायद्याने ती रक्कम फसलेल्यांना वाटणार. अर्ज कलेक्टर ऑफिसात, शेवटची तारीख शुक्रवार. माझी लेक मंजिरी चौकशी करून आली.

“आई, ओरिजिनल पावती लगेगी. फाइलला लागली की वापस नहीं मिलेगी.”

“मग राहू दे बाई. मले नको तो पैसा.”

पावत्यांच्या मागे ह्यांचं अक्षर आहे. वैद्याकडे रांगेत बसून लिहायचे. ‘आज दीड पोळी खाल्ली. वनमाला अशी खूश, जशी पोट्टी पास झाली.’ तुळशीला पाणी, नामाची माळ, एक पावती, मगच चहा. तीन वर्षांत हा नेम चुकला नाही.

बुधवारी सिलतऱ्याहून कलावती आली. तिचा नवरा विनायक, तिथल्या प्लांटमधला कामगार, वैद्याच्या त्याच रांगेतला. ह्यांच्या आधी महिनाभर गेला.

“काकू, माह्याजवळ एकही पावती नाही. ऑफिसातला बाबू म्हणते, तुमचा माणूस तिथं येत होता, हे कशावरून? पोरीचं नर्सिंगचं दुसरं वर्ष आहे. फी नाही भरली तर घरी बसवतीन तिले.”

मी डबा काढला. तीन पावत्यांवर विनायक होता, तारखेसकट. ‘शेजारी विनायक, पाचवी बाटली. म्हणे काका, हे औषध परवडलं, आमच्या प्लांटचा चहा याहून वाईट.’

कलावती खळकन हसली. मग पदर तोंडात धरून बसली. “हव, असाच बोले तो.”

“शुक्रवारी दहाला कलेक्टर ऑफिसच्या फाटकापाशी ये,” मी म्हटलं. “ह्या तिन्ही तुझ्या अर्जाला लावू.”

मंजिरीने मोबाइलवर फोटो काढले. “देख, कितना साफ आया!” साफ आले खरे. पण कागद उलटा करून बोट फिरवलं की पेनाचा दाब लागतो, अजून लिहूनच राहिले आहेत असं वाटतं. फोटोवर बोट नुसतं घसरतं.

शुक्रवारी पाणी घातलं, माळ ओढली. एकीऐवजी तिन्ही वाचल्या, दोनदा. चहा तसाच कपात राहिला. मंजिरी अजून उठली नव्हती. पावत्या पोथीच्या कापडात गुंडाळून पिशवीत ठेवल्या, दार हलकेच ओढलं, आणि पुरानी बस्तीच्या गल्लीतून ऑटोच्या नाक्याकडे चालू लागले.