पट्ट्यावरची जाळी

तुरीची धूळ अंगाला लागली की खाज सुटते. म्हणून अकोल्याच्या त्या डाळमिलमध्ये बाया लुगड्यावर नवऱ्याचा जुना, लांब बाह्यांचा शर्ट चढवून काम करत. मालकाने कधी अ‍ॅप्रन दिला नव्हता, आणि कुणी मागितलाही नव्हता. माया नवीन लागली तेव्हा तिथल्या सगळ्यांत जुन्या इंदूबाईने आपल्या नवऱ्याचा, देवरावचा, चौकड्याचा शर्ट तिला दिला. बाह्या तिला जरा लांबच होत्या.

त्याच शर्टाची बाही त्या दुपारी पट्ट्यात गेली.

मोटरीवरून मशीन फिरवणारा तो रबरी पट्टा. आत हात जाऊ नये म्हणून त्याच्यावर लोखंडी जाळी असते. पण तूर अडकली की जाळी खोलायची, काढायची, परत बसवायची, यात वेळ जातो. म्हणून हंगाम लागताच ती काढून भिंतीला टेकवून ठेवलेली होती. मशीन चालू ठेवूनच अडकलेली तूर ओढायची, अशी तिथली सवयच होऊन गेली होती. ऑपरेटर शालिकरामने बटन दाबेपर्यंत मायाची दोन बोटं चेंदली होती.

दवाखान्यात मॅनेजर शेखरने डॉक्टरांना सांगितलं की हिचा हात घरी कडबा कापायच्या मशीनमध्ये गेला. इंदूबाई शेजारीच उभी होती. माया एका भाड्याच्या खोलीत राहत होती. कडबा खायला तिच्या दारी शेळीसुद्धा नव्हती. पण आधी रक्त थांबायला हवं होतं, म्हणून इंदूबाई तेवढ्यापुरती गप्प राहिली.

बाहेर आल्यावर शेखरने तिला समजावलं. मिलचं नाव आलं की चौकशी लागते, मिल बंद पडते, मग तुम्ही सगळ्या कुठे जाल? मायाला दर्यापूरला माहेरी पाठवून देऊ. "पुढचं पुढे पाहू," तो म्हणाला.

घरी परतताना इंदूबाईला त्यातली मेख कळली. हात मिलमध्ये गेलाच नाही असं एकदा ठरलं, की मिलचा आणि मायाचा संबंध संपला. मग इलाज कुणी करायचा, आणि हात बरा झाल्यावर तिला परत कोण ठेवणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन धुऊन लख्ख केलेलं होतं. मशीनवर रक्त सांडलं की पूजा झाल्याशिवाय ते सुरू करायचं नाही, आणि हळदकुंकू सगळ्यांत जुन्या बाईने लावायचं, हा तिथला रिवाज. मालक केशवराव स्वतः नारळ घेऊन आले होते. त्यांनी ताट इंदूबाईच्या हातात दिलं. तिने ताट घेतलं, मशीनकडे पाहिलं. जाळी अजून भिंतीलाच टेकलेली होती.

"शेटजी," ती म्हणाली, "जखम मायाच्या हाताले झाली, अन् हळद तुमी मशीनले कावून लावून राहिले?"

मागे बेबीताई तोंडावर पदर धरून हसली. केशवराव शांतपणे म्हणाले, की शर्ट ढिला होता, त्यात मशीनची काय चूक?

"मशीनची कोन म्हनते? जाळी का मशीननं काढली?"

तिने ताट खाली ठेवलं. अंगातला शर्ट काढला, घडी घातली आणि ताटाशेजारी ठेवला. मग बेबीताईने काढला. एकेक करत सगळ्या बायांचे शर्ट खाली आले.

शेखर चिडला. गेटवर दुसऱ्या बाया आणून उभ्या करतो म्हणाला.

"आना ना," बेबीताई म्हणाली. "त्यायलेबी दाखवतो जाळी कुठी ठेवली थे."

केशवरावांनी शालिकरामला बटन दाबायला सांगितलं. तो बटनापर्यंत गेला, थांबला, आणि तिथेच खाली बसून तंबाखू मळू लागला. "मायाची किंकाळी कानातून गेली नाई अजून," तो म्हणाला. "मी नाई दाबत, शेटजी."

बाहेर तुरीचे ट्रक उभे होते. केशवराव काही वाईट माणूस नव्हते. मजुरांच्या लग्नाला जात, दिवाळीला लुगडं देत. देणं त्यांना ठाऊक होतं. देणं लागणं ठाऊक नव्हतं.

"काय पाहिजे तुला?" त्यांनी विचारलं.

"तुमी सोता चाला अन् डॉक्टरले खरं सांगा. तिचा इलाज तुमचा, घरी बसन तवरची मजुरी तुमची, अन् बरी झाली का तिची जागा तिची. ह्ये मेहरबानी नोका समजू. ह्ये तुमी देनं लागताच."

केशवरावांनी हातातला नारळ ताटात ठेवला. मग त्यांनी गाडीची किल्ली काढली.

दवाखान्यात शेठजींना पाहून माया खाटेवरून उठू लागली. इंदूबाईने तिचा खांदा दाबून तिला बसवलं. केशवरावांनी डॉक्टरांना सांगितलं की कालचं सांगणं चुकीचं होतं.

"मग कुठे झालं?"

केशवरावांनी इंदूबाईकडे पाहिलं. तिने नजर हलवली नाही.

"माझ्या मिलमध्ये," ते म्हणाले. "पट्ट्यावर जाळी नव्हती."

मायाने पट्टी बांधलेला हात पदराखाली झाकून ठेवला होता. तो तिने बाहेर काढून मांडीवर ठेवला.

परतताना गाडीत केशवरावांनी विचारलं, की आता तरी मशीन सुरू करू देशील ना?

"जाळी बसू द्या आंधी," इंदूबाई खिडकीबाहेर बघत म्हणाली. "पुढचं पुढं पाहू."