जिभेखालची गोळी

हितेंद्रच्या कपाटात कोऱ्या सुयांचं पुडकं सापडलं, तेव्हा कुंदाबाईंनी मागचा-पुढचा विचार न करता ते पाणी तापवायच्या चुलीत घातलं. पोराला आपण वाचवलं, असंच त्यांना वाटलं. साऱ्या सावद्यात आपल्याइतकी हुशार आई नाही, अशा तोऱ्यात त्या दोन दिवस वावरल्या.

तिसऱ्या दिवशी कामिनी आली. भुसावळच्या केंद्रातली ही नर्स, नशेसाठी टोचून घेणाऱ्यांना नव्या सुया द्यायची आणि वापरलेल्या परत न्यायची. कुंदाबाईंनी तिला दारातच धरलं.

"माह्या पोराले सुया देते? लाज नही वाटत?"

"नवी नसली म्हणून तो थांबत नाही, मावशी. दुसऱ्याची वापरतो. काल तेच केलं, त्यानंच सांगितलं. एचआयव्हीचा धोका आहे. आजच गेलं तर लागण टाळायचं औषध देता येईल."

कुंदाबाई दारातून बाजूला झाल्या. गल्लीतल्या एका घरानं तो आजार भोगलेला त्यांनी पाहिला होता. तासाभरात त्या हितेंद्रला घेऊन एसटीत होत्या.

पहिली तपासणी ठीक आली. पण औषध संपल्यावर, तीन महिन्यांनी पुन्हा बघायचं होतं. तोवर खात्री नाही. त्याच केंद्रात नशेची तलफ मारणारी गोळीही मिळायची, पण घरी न्यायला नाही. रोज जायचं, कामिनी गोळी चुरून जिभेखाली ठेवणार, ती विरघळेपर्यंत तिच्यासमोर गप्प बसायचं आणि मग तोंड उघडून दाखवायचं.

कुंदाबाई रोज बरोबर जायच्या. बरोबर कसल्या, पहाऱ्यावरच! केळीच्या गाड्या भरणारा सव्वीस वर्षांचा गडी, पण त्याचा दंड सोडायच्या नाहीत. गोळी असेपर्यंत त्याला बोलता येत नसे, म्हणून त्या बोलून घ्यायच्या. त्याच्या नशेच्या तीन वर्षांत साठलेलं सगळं बाहेर पडलं. एक दिवस राग संपला.

"सुया मी जाळल्या. चूक माही व्हती रे," म्हणून त्या रडल्या. हितेंद्रनं तोंड घट्ट मिटून ठेवलं, पण डोळे काही त्याला आवरेनात.

दुसरा अहवालही चांगला आला. कुंदाबाईंनी कामिनीला मिठीच मारली. तेवढ्यात हितेंद्र म्हणाला, "आई, उद्यापासून मी एकला येतो."

त्यांचा आनंद जागच्या जागी आटला. वाटेत उतरला तर? जुने दोस्त भेटले तर?

"कधीतरी त्याला एकट्याला सोडावंच लागेल, मावशी," कामिनी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याला एसटीत बसवलं आणि स्वतः खाली उतरल्या. घरी येऊन पाण्याचा घोटही घेतला नाही. फोन हातात धरून ओट्यावर बसून राहिल्या. अकराला तो वाजला.

"आला मावशी. गोळी दिली, समोरच बसलाय."

कुंदाबाईंनी आता कुठे पाण्याचा तांब्या जवळ ओढला.

"मग तू बोल त्याच्याशी," त्या म्हणाल्या. "मी नही ना तिथी आज."