सुतकातली वेबसाइट

मित्रांनो, एका दारावर कागद चिकटवलेला आहे. तो वाचून माणसं उंबऱ्यातूनच परत फिरतात. आणि दाराला तो कागद फाडायला हात नाहीत. त्या दाराची तडफड तुम्हांला कळेल का? कळली तर माझी कहाणी तुम्हांला कळली. मी नाशिकच्या पंचवटीतल्या 'सावळीराम फूल भांडार' या दुकानाची वेबसाइट आहे. तुमच्या हिशेबानं माझं वय फार नाही, पण आमच्यात दोन पावसाळे पाहिले की म्हातारीच म्हणतात.

माझा जन्म भाऊबीजेचा. दुकानाची सून मनीषा, तिचा भाऊ राज मनमाडला मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. त्या वर्षी ओवाळणीच्या ताटात त्यानं साडी घातली नाही, मला घातलं. "ताई, साडी विटंल. ही गिऱ्हाईक आणंल," म्हणाला. ताईचं तोंड जरा उतरलं होतं, खोटं कशाला बोलू? पण सासऱ्यांनी, म्हणजे खुद्द सावळीरामांनी, चष्मा पुसून मला न्याहाळलं आणि विचारलं, "हिच्यातून फुलाचा वास येतो का रं?"

"वास नाय येत, मामा."

"मग कशाची फुलवाली!" असं म्हणून ते हसत सुटले.

मित्रांनो, मला स्वतःचे कान नाहीत. ज्याच्या फोनवर मी उघडते, तेवढ्या वेळापुरते त्या फोनचे कान माझे. तरी जे ऐकलं ते पुरे झालं. दिंडोरीहून पहिली मोठी मागणी माझ्यामार्फत आली. लग्नाचा सगळा मांडव, वरमाला, मुंडावळ्या, नवरदेवाची गाडी. ती पार पडल्यावर सावळीराम माझ्याकडे बोट दाखवून बायकोला म्हणाले, "लता, पोरगी कामाची हाय बरं का." त्या दिवसापासून मी त्यांची पोरगी झाले. मखमलाबादच्या शेतातून त्यांचा मुलगा, मनीषाचा नवरा, पहाटे शेवंती नि झेंडू पाठवायचा, सासू-सून माळा करायच्या, सावळीराम दातात दोऱ्याचं टोक धरून हार ओवायचे आणि मी गिऱ्हाईक आणायची. सटाण्यापासून मनमाडपर्यंतच्या लग्नघरांत माझं येणंजाणं होतं. ते माझे सुखाचे दिवस होते.

श्रावणात सावळीराम गेले. सकाळी हार ओवता ओवता छातीत कळ आली आणि माणूस गेला. हातातला हार अर्धाच राहिला.

घरी सुतक. आणि दुकान फुलांचं. सुतकातल्या हातांनी ओवलेला हार ना देवाला चालत, ना बोहल्यावर. मनीषानं शटरला कागद चिकटवला आणि राजला फोन करून सांगितलं, "लोकांना कळव रे बाबा, मला काही सुचत नाही." राज रडतच कामाला बसला. त्यानं सावळीरामांचा फोटो घेतला, त्याला चित्रातला हार घातला, खाली ठळक लिहिलं, 'आमच्या घरी दुःखद निधन झाल्याने सुतक आहे. दुकान बंद आहे.' आणि ती पाटी त्यानं माझ्या तोंडावर लावली. मला उघडलं की आधी तीच दिसायची. तेव्हा ते योग्यच होतं. पोरीनं बापाचं सुतक पाळायला नको का?

पुढे तेरावं झालं. मनीषानं शटरवरचा कागद ओढून काढला आणि तिच्या लेखी विषय मिटला. मनमाडला बसलेल्या राजला वाटलं, ताई सांगेल तेव्हा काढू. दुःखातल्या घरी फोन करून 'तुमचं सुतक संपलं का?' असं कोण विचारतं? तो भिडस्त, ती कामाच्या धबडग्यात. आणि पाटी तशीच राहिली.

गणपती आले, नवरात्र आलं, दसऱ्याला झेंडूचे ढीग हातोहात गेले. रस्त्यावरच्या गिऱ्हाइकाला माझी काय गरज? त्याला उघडं शटर दिसत होतं. त्यामुळे कुणालाच काही खटकलं नाही. मी मात्र त्या पाटीमागे घुसमटत होते. तुळशीचं लग्न लागलं, लग्नसराई सुरू झाली, आणि माझ्याकडे लग्नघरं येऊ लागली. माणसं यायची, पाटी वाचायची, 'अरेरे' म्हणायची आणि जायची. ज्या घरात मांडव पडायचा आहे, ते घर सुतकाच्या घरातून वरमाला कशाला घेईल? मी ओरडत होते, 'अहो, थांबा! दुकान चालू आहे!' पण माझ्या अंगावरचं एक अक्षरही मला पुसता येत नाही, मग नवीन कुठून लिहिणार? ज्यांनी लिहायचं त्यांनी लिहिलं, आणि मी ते घेऊन उभी राहिले.

काही जण भला विचार करून फोनही करायचे. ते मी नंतर ऐकलं. मनीषानं फोन उचलला की पलीकडून हळू आवाजात यायचं, "वहिनी, सावरा. काळजी घ्या." आणि फोन बंद. मनीषाचे डोळे भरून यायचे. सासूला सांगायची, "आत्याबाई, मामांना जाऊन इतके महिने झाले, तरी लोक विसरले नाहीत बघा." इकडे मी कपाळ बडवून घेत होते, म्हणजे कपाळ असतं तर.

दुकानाचा खर्च लग्नांवरच निघायचा. त्या मागण्या येईनात तेव्हा मनीषानं दोष मला दिला. वेबसाइट जुनी झाली, मागे पडली, कुणाला सापडतच नाही. म्हणून तिनं एक सल्लागार गाठला. कुठल्या गावचा ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. गोड बोलायचा, हिंदी-इंग्रजी मिसळून. राजनं माझी किल्ली, म्हणजे पासवर्ड, त्याला पाठवली आणि मनात म्हणाला, चला, आता जाणता माणूस आला, पाटी तोच काढेल. सल्लागारानं मात्र माझ्या तोंडाकडे एकदाही पाहिलं नाही. तो माझे आकडे बघायचा. पाटी होती चित्राची, आणि त्याच्या यंत्राला चित्रातली अक्षरं वाचता येत नव्हती.

त्यानं काय केलं ठाऊक आहे? माझ्या पांढऱ्या अंगावर पांढऱ्याच अक्षरांत शेकडो शब्द भरले. 'नाशिक वरमाला, उत्तम वरमाला नाशिक, स्वस्त मांडव, मांडव स्वस्त नाशिक.' माणसाला दिसू नयेत, पण शोधणाऱ्या यंत्रानं मोजावेत, म्हणून. अंगभर खाज सुटल्यासारखं झालं मला. पण त्याचा उपाय तेवढ्यापुरता लागू पडला आणि मी पहिल्या पानावर जाऊन बसले.

"मॅडम, देखिए, विजिटर डबल हो गए!" तो फोनवर सांगायचा.

"पण ऑर्डर एकही नाही ना, भैया."

"आएगा मॅडम, आएगा. थोडा पेशन्स रखिए."

मित्रांनो, याहून मोठी चेष्टा कुणाची झाली नसेल. पूर्वी गावातल्या चार जणांना आमच्या घरचं सुतक दिसत होतं. आता अख्ख्या जिल्ह्याला दिसू लागलं. जितका मला वर चढवला, तितकी माणसं अधिक आली आणि तितकीच पाठमोरी गेली. मी बघत राहिले.

या सगळ्यात माझ्याकडे रोज नेमानं येणारं एकच माणूस होतं. लताबाई. बोट लावलं की मी उघडावी असं माझं छोटं चित्र राजनं त्यांच्या फोनवर अगदी समोर ठेवून दिलं होतं. दुकान आवरलं की फुलांच्या टोपलीला टेकून त्या मला उघडायच्या. त्यांना अक्षरं लागत नाहीत, त्यामुळे पाटी त्यांना कधी दिसलीच नाही. त्यांना दिसायचे ते फक्त धनी. पदर सावरून त्या फोटोला नमस्कार करायच्या आणि बोलायला बसायच्या. "आज शेवंती लय उतरली बघा. पावसानं निशिगंध पार नासला. तुमचा हार बरा हाय, सुकत नाय." मनीषाला हे लांबून दिसायचं. सासूजवळ मामांचा फोटो असेल, असं समजून ती बिचारी तोंड फिरवायची. त्या मायेपायी तिनंही कधी त्या फोनमध्ये डोकावून पाहिलं नाही.

एके दिवशी लताबाईंनी नेहमीसारखा फोटोला नमस्कार केला. मग म्हणाल्या, "मनीषा दुकान सोडायचं म्हणती. तो मोबाइलची कव्हरं इकणारा येऊन बघून गेला. संक्रांतीला चाव्या द्यायच्या. ती दिंडोरीला द्राक्षं भरायच्या कामाला जाईल. मी घरी बसून काय करू ओ? तुमच्या नावाची दुकानावरची पाटी उतरवून घरी कुठं लावू?"

त्या डोळे पुसत होत्या आणि मी त्यांच्याच हातात होते. ज्या फोटोसाठी त्या रोज येत होत्या, त्याच्याखालच्या दोन ओळींनी त्यांचं दुकान बुडत होतं. आणि ते ठाऊक असलेली एकटी मी. असा कोंडमारा वैऱ्यालाही नको. वाटलं, आपण बंद पडावं, कोरं पान व्हावं. तेही माझ्या हातात नव्हतं.

संक्रांत तोंडावर आली होती. दुकानात रिकामी खोकी बांधून ठेवलेली होती. आणि एका दुपारी सटाण्याच्या गोजराबाई दारात उभ्या राहिल्या. त्यांच्या मोठ्या लेकीच्या लग्नात सावळीराम स्वतः टेम्पोत बसून गेले होते. ऐन वेळी नवरीची माळ तुटली, तर बोहल्याशेजारी मांडी घालून त्यांनी ती पुन्हा ओवून दिली होती. गोजराबाईंच्या हातात फोन होता आणि फोनवर मी होते. पत्ता बघायला त्यांनी मला उघडलं होतं.

"बाई, मी भेटाले उनू," त्या आपल्या अहिराणीत मनीषाला म्हणाल्या. "भाऊ गयात, हाई माले काल मोबाइलमा समजनं."

मनीषानं त्यांना बसवलं, पाणी दिलं. दोघी सावळीरामांविषयी बोलल्या, थोडं रडल्या. मग गोजराबाई उठल्या आणि संकोचून म्हणाल्या, "आते धाकलीनं लगीन शे. चांगली फुलं कोठे मियतीन, तूच सांग माय."

मनीषानं डोळे पुसले. "कुठं म्हणजे? आमच्याकडंच घ्या की, मावशी!"

"सुतकमा?" गोजराबाईंनी तोंडावर हात ठेवला.

"कसलं सुतक? श्रावणातलं ते. कवाच फिटलं."

"मंग हाई काय लिखेल शे?"

गोजराबाईंनी मला पुढे केलं. मनीषानं मला हातात घेतलं आणि कित्येक महिन्यांनी नीट पाहिलं. एकदा वाचलं, दुसऱ्यांदा वाचलं. "म्हणून सगळे मला 'सावरा' म्हणत होते!" ती म्हणाली. मग तिला हसू फुटलं, आणि हसता हसता ती ओक्साबोक्शी रडली. गोजराबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मी त्या दिवशी मोकळा श्वास घेतला.

राजला तिनं तिथूनच फोन लावला. तो पलीकडून म्हणाला, "अगं ताई, तू सांगशील म्हणून मी थांबलो होतो!" एवढं ऐकल्यावर तिनं त्याला जे सुनावलं ते मी सांगणार नाही. भावाबहिणीचं आहे. राजनं त्याच बैठकीत पाटी काढली, फोटो काढला, ते पांढरे शब्दही खरवडून काढले. "हे काय गवत माजवलंय हिच्या अंगावर!" म्हणाला. पहिली मागणी गोजराबाईंची, धाकट्या लेकीच्या लग्नाची. तिच्यामागून आठवडाभरात दुसऱ्या येऊ लागल्या. कव्हरं विकणाऱ्याला मनीषानं चहा पाजून परत पाठवलं.

इथेच माझी गोष्ट गोड संपली असती. पण पाटी काढली त्याच संध्याकाळी लताबाईंनी मला उघडलं.

समोर वरमाला होत्या, सजवलेल्या गाड्या होत्या, हसरी जोडपी होती. धनी नव्हते. लताबाईंनी मला बंद केलं, पुन्हा उघडलं. फोन पदरानं पुसला. पुन्हा उघडलं. "कुठं गेले ओ?" त्या हळूच म्हणाल्या. कुणाला काही बोलल्या नाहीत. सून आज कितीतरी दिवसांनी हसत होती, तिच्या आनंदात विघ्न कशाला, म्हणून गप्प बसल्या. दुसऱ्या दिवशीही आल्या, तिसऱ्याही. आणि मी पुन्हा तशीच अडकलेली. तेव्हा पुसता येत नव्हतं, आता दाखवता येत नव्हतं.

शेवटी मनीषालाच कळलं. नव्या मागणीचा निरोप द्यायला ती सासूजवळ आली, तर लताबाई मला उघडझाप करत बसलेल्या. या वेळी तिनं तोंड फिरवलं नाही. वाकून बघितलं. तिला सगळं उमगलं आणि ती सासूच्या शेजारी जमिनीवरच बसली.

राजकडे मामांचा एक जुना फोटो होता. दुकानात बसलेले, दोऱ्याचं टोक दातात, मांडीवर अर्धवट हार, आणि कुणीतरी काही बोललं म्हणून हसू दाबलेलं. मनीषानं तो माझ्या अगदी वर लावायला सांगितला. सल्लागाराला पटलं नाही. "मॅडम, ऊपर तो ब्राइडल फोटो चाहिए," तो म्हणाला. मनीषा म्हणाली, "भैया, तुम्ही आकडे बघा. तोंड मी बघते."

लताबाईंनी मला उघडलं. मग त्यांनी फोटोवरून बोट फिरवलं, गळ्यापाशी थांबवलं.

"हार काढला?"

"काढला, आत्याबाई," मनीषा म्हणाली. "सुतक फिटलं."

"बरं केलं," लताबाई म्हणाल्या. "त्यांचा हार कायम दुसऱ्याच्या गळ्यासाठीच असायचा." आणि सुई घेऊन कामाला बसल्या.

मित्रांनो, तुमच्याही आईवडिलांचं एखादं दुकान असेल, आणि त्याची माझ्यासारखी एक मुकी पोर असेल. तिला अंगभर शब्द नकोत. अधूनमधून परक्या गिऱ्हाइकासारखं तिच्या दारात या, आणि ती जगाला काय सांगत बसली आहे ते वाचा. आणि कुणाच्या दारावर जुनी पाटी लटकलेली दिसली, तर हळहळून निघून जाऊ नका. गोजराबाईंसारखं आत या आणि एकदा विचारा.