तीनपैकी एकच गाठ

तपासनीस हे काही त्यांचं खरं नाव नव्हे, पण गल्लीत सगळे त्यांना तेच म्हणत. उभी हयात विमा कंपनीत लोकांचे खोटे दावे उघडे पाडण्यात गेली. दुकान जळलं की जाळलं, हे ते राखेपाशी उकिडवे बसून सांगत. निवृत्तीनंतर काम सुटलं, संशय काही सुटला नाही.

मूत्रपिंडाचा कॅन्सर फुफ्फुसात उतरला आणि तिथे तीन गाठी दिसल्या. डॉक्टरीणबाईंनी उपाय सांगितला. सीटी स्कॅनमध्ये पाहत पाहत बरगड्यांमधून सुई न्यायची, सगळ्यांत मोठी गाठ जागेवरच गोठवून मारायची आणि मग सलाईनमधून इम्युनोथेरपीचं, म्हणजे प्रतिकारशक्ती जागवणारं, औषध द्यायचं.

"आणि उरलेल्या दोन?"

"त्यांना हात लावायचा नाही."

तपासनिसांचे कान टवकारले. चोर तीन आणि पकडायचा एकच? पाणी कुठेतरी मुरत होतं.

घरी आले तर बायको आणि लेक स्वयंपाकघरात कुजबुजत होत्या. ते आत येताच बायको नळ सोडून घासलेलंच पातेलं पुन्हा घासू लागली.

"बाबा, चहा टाकू?" लेक म्हणाली.

ही पोरगी आपणहून चहा विचारते म्हणजे आपण गेल्यातच जमा, असं त्यांनी ताडलं.

"काय लपवताय?"

लेकीचा चेहरा पडला. "लागू पडेलच असं नाही म्हणाल्या डॉक्टर. तुम्ही ऐकलंत तर जागचे हलणार नाही, म्हणून मीच त्यांना बोलू नका म्हटलं."

दुखण्यापेक्षा हे त्यांना जास्त झोंबलं. सकाळी कोणालाच न सांगता ते एकटे दवाखान्यात गेले.

"एकच गाठ का? खरं सांगा."

"रोगाशी लढणाऱ्या पेशी म्हणजे शरीराचे पहारेकरी. त्यांना ही गाठ परकी वाटतच नाही," बाई म्हणाल्या. "गोठवली की ती फुटते, आतलं सगळं बाहेर सांडतं. मग ते तिला ओळखू शकतात. औषध त्यांचे बांधलेले हात मोकळे करतं. ओळख पटली की उरलेल्या गाठींवरही ते तुटून पडतील, अशी आशा."

"आशा? पुरावा काय?"

"थोड्यांमध्ये दिसलंय, पुष्कळांमध्ये नाही. अजून अभ्यास चालू आहे."

"म्हणजे मी उंदीर."

"उंदराला कोणी विचारत नाही, काका. तुम्ही नको म्हणालात तर नुसतं औषध देऊ."

"मग मुलीच्या सांगण्यावरून गप्प का बसलात?"

बाईंनी मान खाली घातली. "चुकलं माझं."

सगळ्या नोकरीत समोरच्यानं इतक्या लवकर कबुली दिलेली त्यांना आठवेना. तरी संमतीपत्रावर सही करण्याआधी त्यांनी बाईंना सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. गोष्ट कुठेच बदलली नाही.

सुई घालताना ते जागे होते. जागा बधिर केलेली, पण छातीत कोणीतरी गुडघा रोवल्यासारखं वाटत होतं. सुईच्या टोकाशी बर्फाचा गोळा वाढत जाऊन गाठ कशी गिळतो, ते बाई पडद्याकडे पाहत सांगत होत्या. तपासनिसांनी मान वळवून स्वतः पाहिलं, तेव्हाच त्यांना पटलं.

पुढे औषध सुरू झालं, अंगभर खाज सुटली. औषधात भेसळ आहे, असं त्यांनी बायकोला बजावलं. बाई म्हणाल्या, पहारेकरी कधीकधी घरच्यांवरही हात उगारतात. मलम दिलं, खाज बसली.

काही महिन्यांनी पुन्हा स्कॅन झाला. गोठवलेल्या गाठीच्या जागी नुसता व्रण होता. उरलेल्यांपैकी एक आक्रसून वाटाण्याएवढी झालेली. दुसरी जशीच्या तशी.

"ही सुईची करामत की औषधाची?"

"सांगता येत नाही."

"मग कोणाला येईल?"

"तुमच्या बाबतीत कोणालाच नाही."

तपासनीस बराच वेळ त्यांच्या चेहऱ्याकडे रोखून बघत राहिले. हाती काही लागलं नाही.

बाहेर लेक बाकावर बसली होती. त्यांनी तिला सगळं सांगितलं, आक्रसलेल्या गाठीचं आणि ठाण मांडून बसलेल्या गाठीचंही. तिला रडू आलं.

"आईला काय सांगायचं?"

"जे आहे ते."

तिनं डोळे पुसले आणि पटकन दुसरीकडे पाहिलं. ही अजून काही दडवतेय का, असं त्यांच्या मनात आलंच. पण त्यांनी विचारलं नाही. तिचा हात धरून ते जिना उतरू लागले.