मी, नखाच्या कडेची

‘माझ्याच हातून गेलं असेल का पोरीला?’ या विचाराने आई रात्रभर कूस बदलत राहिली. माझाही डोळा लागला नाही. तसे मला डोळे नाहीत. पण काळजीला ते कुठे लागतात?

मी बोलतेय, तिच्या अंगठ्याच्या नखाशी राहणारी यीस्ट. बुरशीच्या नात्यातली. धुण्याभांड्यांच्या पाण्याने तिला नखुर्डं झालं आणि त्या ओलाव्यात मी संसार थाटला. माझ्या अंगाला कोंब फुटतो, ती माझी लेक. ती सुटून जाते, वण माझ्याकडे राहतो. आईपणातलं मला इतकंच कळतं.

आईच्या चार वर्षांच्या लेकीच्या जिभेवर पांढरे चट्टे आले. आजी म्हणाली, "चाखून, फुंकर घालून भरवायची हौस भारी. घ्या आता."

डॉक्टरीणबाईंनी दोघींचे नमुने घेतले. माझ्या काही लेकी तपासणीच्या बशीत गेल्या, त्या परतल्या नाहीत. बशीत लेकीच्या नमुन्याचे ठिपके हिरवे उगवले, माझेही हिरवेच. आईचा चेहरा उतरला.

"थांबा हो," बाई म्हणाल्या. "रंगावरून यीस्टची जात कळते, घराणं नाही. ते तपासायला वेळ लागेल."

तेवढा धीर कुणाला? आईने भरवणं सोडलं. मुके बंद. लेक गळ्यात पडायला आली की ही मान मागे घ्यायची. "नको बाळा, तुला होईल." पोर एकटीच चमच्याने जेवायला शिकली. सगळे म्हणाले, शहाणी झाली. जिभेवरचे ते माझे कुणी नव्हेत, हे मला मेलीला सांगता येत नव्हतं.

चट्टे गेले, त्यानंतर निकाल आला.

"घराणी वेगळी निघाली," बाई म्हणाल्या. "तुमच्याकडून गेलेलंच नाही. तिच्या तोंडात आधीपासून असेल, तिला मध्ये दिलेल्या अँटिबायोटिकनंतर फोफावलं."

आई तिथेच रडली.

मलमाने माझे दिवस भरत आलेत. आता कोंब फुटत नाही. तक्रार नाही. विनंती एवढीच, की घाईघाईने अंगावर घेतलेला दोष एकटीच्या अंगावर राहत नाही, हे ध्यानात असू द्या. त्या संध्याकाळचं सांगते आणि थांबते.

आईने चप्पलही काढली नाही. दारातच गुडघे टेकले, लेकीला ओढून घेतलं, गालाशी गाल नेला.

लेकीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं, मान मागे घेतली.

"नको आई," ती बोटांआडून म्हणाली. "तुला होईल."